पडदा उघडण्यापूर्वी : फ्लॅशकालीन प्रतीक्षेचा इतिहास

पदव्युत्तर वर्गात साहित्य आणि माध्यमे यांचा संबंध शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना २००० च्या आगेमागे रचल्या गेलेल्या काही चलत्-कविता दाखवतो. ‘फ्लॅश’ या तंत्राने घडवलेल्या या कवितांत अक्षरे पडद्यावर येतात, सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि विरून जातात. मूळ तंत्र कालबाह्य झाल्यामुळे आता त्या नव्या अनुकरण-प्रणालीच्या आधाराने पाहाव्या लागतात. अशाच एका तासाला कविता सुरू होण्याआधी पडद्यावर काहीतरी लुकलुकले आणि नाहीसे झाले. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, ते पहिलं काय होतं? वाचायच्या आतच गेलं.’’

ते प्रीलोडर होते. संपूर्ण कविता वाचकाच्या संगणकावर उतरेपर्यंत त्याला दारात थांबवून ठेवणारी, किती उतरले आणि किती उरले हे सांगणारी ती एक छोटीशी रचना. ज्या वाचकासाठी ती केली होती, त्याने तिच्यासमोर कदाचित मिनिटभर काढले असेल. आमच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला ती क्षणभरही आली नाही. कवितेतले एकही अक्षर बदललेले नव्हते. तरीही त्या दोघांनी एकच कविता वाचली असे म्हणता येईल काय? या प्रश्नामुळेच आम्हांला आंतरजालावरील चलत्-चित्रांच्या इतिहासातील प्रतीक्षेच्या व्यवस्थेकडे वळावेसे वाटले. तांत्रिक इतिहासात तिचा उल्लेख एखाद्या अडचणीसारखा होतो आणि साहित्याच्या इतिहासात तो होतच नाही. आमच्या मते ही व्यवस्था म्हणजे लेखकाने वाचकाच्या काळाविषयी केलेल्या विचाराचा लेखी पुरावा आहे, आणि म्हणून तिचे वाचन झाले पाहिजे.

तारेच्या मापाने

प्रथम त्या काळातील तारेची रुंदी लक्षात घ्यावी लागेल. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमच्या साहाय्याने जोडणी होत असे आणि विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त खात्यावर केवळ मजकूर दिसे, चित्रे दिसत नसत. पुढे सायबर कॅफे आले. आमच्या पिढीने आंतरजालाचा पहिला परिचय तेथेच, तासाचे पैसे मोजून करून घेतला. पान उघडण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळही त्या तासातच धरला जाई. प्रतीक्षेला अक्षरशः किंमत होती.

फ्लॅशच्या आधीही या प्रतीक्षेवर उपाय शोधले गेले होते. जिफ प्रकारच्या चित्रात ओळी क्रमाने न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवण्याची सोय होती. प्रथम दर आठवी ओळ येई, मग मधल्या जागा भरत जात. चित्र आधी धूसर दिसे आणि चार फेऱ्यांत स्पष्ट होई. नेटस्केप या ब्राउझरने मूळ चित्र येईपर्यंत त्याच जागी एक हलके, कमी तपशिलाचे चित्र दाखवण्याची मुभा दिली होती. दोन्ही उपायांमागील विचार एकच होता : वाचकाला रिकाम्या जागेसमोर बसवू नये, अपुरे का होईना, कृतीचेच काहीतरी त्याच्या हाती द्यावे.

१९९६ मध्ये ‘फ्यूचरवेव्ह’ या छोट्या कंपनीने ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ नावाची प्रणाली बाजारात आणली. जोनाथन गे हे तिचे प्रमुख रचनाकार. त्या वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि प्रणालीचे नाव ‘फ्लॅश’ असे ठेवले. तिचे मर्म दोन गोष्टींत होते. पहिली म्हणजे, चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी न साठवता रेषा, वक्र आणि रंग यांच्या गणिती वर्णनाने साठवले जाई. वर्तुळाचे हजारो ठिपके पाठवण्याऐवजी ‘येथे एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ’ एवढाच निरोप पाठवावा, तसे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फाइलमधील फ्रेम एकामागून एक क्रमाने मांडलेल्या असत आणि पहिल्या फ्रेम येताच चित्र सुरू होऊ शके. उरलेल्या मागाहून येत राहात. कृती एकीकडे उतरत आहे आणि दुसरीकडे पाहिली जात आहे, अशी ही वाहती रचना होती.

तिचा परिणाम रचनेवर झाल्याशिवाय कसा राहील? नेहमीच्या मांडणीत सेकंदाला १२ फ्रेम असत. फ्लॅशच्या संपादकातच एक आलेख पाहता येई : प्रत्येक फ्रेमचा भार दाखवणारे उभे स्तंभ आणि त्यांवरून जाणारी एक तांबडी आडवी रेषा. ५६ के मोडेमचा प्रत्यक्ष वेग तेथे सेकंदाला ४.७ किलोबाइट धरलेला असे. त्याला बाराने भागले की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला सुमारे ४०० बाइट येत. स्तंभ रेषेच्या वर गेला, की त्या जागी चित्र अडखळणार. ४०० बाइट म्हणजे किती? आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने छापील दोन ओळींचा मजकूर. एका बाराअंश सेकंदात एवढेच सांगण्याची मुभा होती.

जाणते रचनाकार या मर्यादेतच लय शोधत. आरंभी हलके दृश्य ठेवायचे, एखादा शब्द सावकाश उमटू द्यायचा, आणि तो वाचला जात असताना पुढचे जड दृश्य मागच्या मागे उतरवून घ्यायचे. एकदा आलेली आकृती ‘प्रतीक’ म्हणून साठवून पुन:पुन्हा वापरायची, कारण पुनरावृत्तीला जवळजवळ भार नसतो. ध्रुपदाची ओळ पुन्हा म्हणायला नवा कागद लागत नाही, तसेच हे. त्या काळातील चलत्-कवितांत पुनरावृत्ती, संथ आरंभ आणि मोकळी पार्श्वभूमी वारंवार आढळते. तिचे श्रेय केवळ त्या वेळच्या अभिरुचीला देऊन भागणार नाही. त्यात तारेचाही वाटा आहे.

तीन चौकटींची युक्ती

ही वाहती शिस्त पाळणे अवघड होते. ध्वनी आला, छायाचित्रे आली, तेव्हा स्तंभ रेषेच्या वर जाऊ लागले. मग सोपा मार्ग निघाला : सर्व काही उतरेपर्यंत कृती सुरूच करायची नाही. यातून प्रीलोडर जन्माला आला.

त्याची मूळ रचना इतकी साधी आहे, की साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ती सहज कळावी. पहिल्या फ्रेममध्ये प्रश्न : ‘शेवटची फ्रेम आली काय?’ आली असेल तर थेट तिसऱ्या फ्रेमवर जा. तेथे कृतीचा आरंभ आहे. आली नसेल तर दुसऱ्या फ्रेमवर जा. दुसऱ्या फ्रेममध्ये एकच आज्ञा : ‘पहिल्या फ्रेमवर परत जा.’ पहिल्या दोन चौकटींतील ही येरझार म्हणजेच प्रीलोडर. सुरुवातीच्या आवृत्त्यांत फक्त फ्रेम मोजता येत. फ्रेमचा भार सारखा नसल्याने ती मोजणी फसवी ठरे. शंभरांपैकी नव्वद फ्रेम आल्या, पण उरलेल्या दहांतच सारे संगीत, असे होई. २००० साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘ॲक्शनस्क्रिप्ट’ ही आज्ञाभाषा रूढ झाली आणि किती बाइट उतरले व एकूण किती आहेत, हे विचारता येऊ लागले. एकाला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले, की टक्केवारी मिळे. वाचकासमोर भरत जाणारी पट्टी आली ती अशी. २००३ अखेरच्या आवृत्तीत बाहेरून मागवलेल्या प्रत्येक भागाची प्रगती कळवणारी वेगळी व्यवस्था मिळाली, आणि २००६ मधील तिसऱ्या ॲक्शनस्क्रिप्टने या सर्व गोष्टी ‘घटना’ म्हणून नव्याने बांधल्या.

येथे दोन बारकावे नोंदवले पाहिजेत. पहिला असा, की प्रीलोडरलाही स्वतःचा भार असतो. नक्षीदार प्रीलोडर उतरेपर्यंत वाचकाला कोऱ्या पडद्यासमोरच बसावे लागे; प्रतीक्षेच्या खोलीत शिरण्यासाठी आणखी एक प्रतीक्षा. शिवाय संपादकात एखादे प्रतीक ‘पहिल्या फ्रेमबरोबर पाठवा’ असे ठरवले गेले असेल, तर ते प्रीलोडरच्याही आधी उतरे आणि पट्टी दिसू लागे तीच साठ-सत्तर टक्क्यांपासून. ओळख व्हायच्या आतच निरोपाची वेळ यावी, असा हा प्रकार. नवशिक्यांना याचे कोडे पडे.

दुसरा बारकावा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. रचनाकाराच्या स्वतःच्या संगणकावर फाइल आधीच असते, त्यामुळे त्याला प्रीलोडर कधी दिसतच नाही. स्वतःच्या कृतीची वाट पाहण्याची वेळ तिच्या कर्त्यावर येत नाही. म्हणून संपादकात मंद तारेचे सोंग आणण्याची सोय दिलेली होती. तेथे वेगांची यादी असे : १४.४ च्या मोडेमला सेकंदाला १.२ किलोबाइट, २८.८ ला २.३, ५६ के ला ४.७, डीएसएलला ३२.६ आणि टी-१ जोडणीला १३१.२. तीनशे किलोबाइटची एक कविता घेऊ. टी-१ वरील कार्यालयात ती अडीच सेकंदांच्या आत उघडे, डीएसएलवर नऊ सेकंदांत, ५६ के मोडेमवर एक मिनिट चार सेकंदांत, २८.८ वर दोन मिनिटे दहा सेकंदांत, आणि १४.४ वर चार मिनिटे दहा सेकंदांत. कृती एकच, तिचा उंबरठा मात्र पाच प्रकारचा. त्या यादीतील सर्वांत मंद वेग निवडून स्वतःची कविता सुरुवातीपासून पाहणारा रचनाकार, आपल्याला कधीच न भेटणाऱ्या वाचकाच्या खुर्चीत जाऊन बसत होता. यालाच आम्ही वाचकाच्या काळाविषयीची कल्पनाशक्ती म्हणतो. तिचा वापर कोणी केला आणि कोणी केला नाही, हे प्रीलोडरवरून कळते.

पूर्वरंगाचा अतिरेक

मराठीच्या अध्यापकाला या ठिकाणी नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायाची आठवण होणे स्वाभाविक आहे. भरताने तेथे पूर्वरंगाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांतील पहिली नऊ पडद्याआड व्हायची असतात. प्रत्याहारात वाद्ये जागेवर मांडली जातात, अवतरणात गायक आपापल्या ठिकाणी बसतात, पुढे स्वर जुळवले जातात, हात आणि बोटे तयार केली जातात. ही सर्व तयारीच आहे. आजच्या भाषेत, सामग्री रंगमंचावर उतरवून घेणे आहे. पण भरताने तिला निव्वळ विलंब मानले नाही, विधीचे रूप दिले. त्यानंतर पडदा दूर होतो आणि पुढे नांदी येते. मराठी संगीत नाटकाने नांदी आणि सूत्रधार-नटी ही परंपरा १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून दीर्घकाळ सांभाळली. नारदीय कीर्तनातला पूर्वरंग आणि तमाशातला गण हेही याच कुळातले. उशिरा येणाऱ्याला जागा मिळावी, आलेल्याचे चित्त स्थिरावे आणि दिवसभराच्या व्यवहारातून कथेच्या काळात त्याचा प्रवेश व्हावा, एवढे काम ही अंगे करतात.

चांगला प्रीलोडर हेच काम करी. ज्या रंगसंगतीत कविता आहे, त्याच रंगसंगतीतील एक रेषा, तिच्याच टंकातील एक आकडा. वाचक कवितेच्या स्वरात अलगद येऊन बसे. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाच्या शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशा घटकांना संहितेचे उंबरठे म्हटले. प्रीलोडर हा असाच एक उंबरठा आहे. फरक इतकाच, की प्रस्तावना ओलांडून जाता येते, प्रीलोडर ओलांडता येत नाही.

परंतु भरताने त्याच अध्यायात एक इशाराही दिला आहे. पूर्वरंगातील गीत, वाद्य आणि नृत्य यांचा अतिरेक करू नये. त्याने प्रयोग करणारे थकतात, पाहणारेही थकतात, आणि थकलेल्यांना पुढे रस आणि भाव यांची स्पष्ट प्रतीती होत नाही, असा त्याचा आशय आहे. फ्लॅशच्या इतिहासात हा इशारा तंतोतंत खरा ठरला. १९९७ नंतर संस्थांच्या आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘इंट्रो’ची लाट आली. आधी प्रीलोडर, मग संगीतासह घिरट्या घेणारी बोधचिन्हे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘इंट्रो वगळा’ अशी सूचना. जे वगळण्याची सोय कर्त्यालाच करून ठेवावी लागते, त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडू लागला. ऑक्टोबर २००० मध्ये उपयोगितेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी एक टीकालेख लिहिला. फ्लॅशचा नव्याण्णव टक्के वापर वाईट आहे, हा निवाडा त्याच्या शीर्षकातच होता. प्रतिसादाला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागला की वाचकाचे लक्ष टिकत नाही, ही मर्यादा नील्सन यांनी आधीपासूनच मांडलेली होती. ५६ के मोडेमवर दहा सेकंदांत ४७ किलोबाइट उतरत. तेवढ्यात नांदी आटोपायला हवी होती.

सर्वांत मार्मिक टीका मात्र निबंधाच्या रूपात झाली नाही. १९९९ मध्ये ‘झोम्बो डॉट कॉम’ नावाचे एक पान आंतरजालावर आले. पडद्यावर रंगीत वर्तुळे धडधडत राहतात आणि एक भारदस्त आवाज वाचकाचे पुन:पुन्हा स्वागत करीत येथे सर्व काही शक्य असल्याची ग्वाही देतो. पुढे काहीच होत नाही. प्रीलोडर संपत नाही, कारण त्यामागे कृतीच नाही. नाटक नसलेली नांदी, हे विडंबनाचे उत्तम उदाहरण म्हणून आजही वर्गात दाखवण्याजोगे आहे. त्याउलट ‘बिग स्पेसशिप’ या न्यूयॉर्कच्या रचनासंस्थेने २००९ च्या सुमारास ‘प्रिटी लोडेड’ हे प्रीलोडरांचे संग्रहालयच उभे केले : एकामागून एक निरनिराळ्या संकेतस्थळांचे प्रीलोडर, केवळ पाहण्यासाठी. विडंबन आणि संग्रहालय या दोन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला येतात, तो एक वाङ्मयप्रकार झाला असे समजायला हरकत नाही.

मोजणीचीच कविता

फ्लॅशमधील साहित्यकृतींनी प्रतीक्षेचा वापर आशयासाठी केला काय? सोल येथील ‘यंग-हे चांग हेवी इंडस्ट्रीज’ या जोडगोळीचे काम येथे आठवते. पांढऱ्या पडद्यावर मोठी काळी अक्षरे, जॅझची साथ, आणि वाचकाच्या हाती काहीही नाही; थांबवणे नाही, मागे जाणे नाही. एझरा पाउंडच्या ‘कँटोज’च्या आरंभभागाच्या सूक्ष्म वाचनावर आधारलेली त्यांची ‘डकोटा’ ही कृती चित्रपटाच्या रिळाआधी येणाऱ्या उलट्या आकड्यांसारख्या मोजणीने सुरू होते. प्रीलोडरला सरावलेला वाचक ही मोजणी संपण्याची वाट पाहू लागतो आणि मग त्याच्या ध्यानात येते, की कविता तर केव्हाच सुरू झाली आहे. येथे उंबरठाच घराचा भाग होतो. त्यानंतरच्या वेगाने वाचकाची जी दमछाक होते, तिची तयारी या मोजणीने करून ठेवलेली असते.

ब्रायन किम स्टेफान्स यांची ‘द ड्रीमलाइफ ऑफ लेटर्स’ ही २००० ची कृती याच्या दुसऱ्या टोकाला आहे. वर्णक्रमाने येणाऱ्या शब्दांची ही सुमारे अकरा मिनिटांची चलत्-रचना वाचकाला निवांत बसायला लावते. या दोन कृतींमुळे एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्रामुळे घडणारी प्रतीक्षा आणि कवीने घडवलेली प्रतीक्षा यांत फरक आहे. परंतु जो वाचक पहिलीत मुरलेला आहे, त्यालाच दुसरी पूर्णपणे जाणवते.

देवनागरीची दुहेरी प्रतीक्षा

मराठी वाचकाला त्या काळी आणखी एका गोष्टीसाठी थांबावे लागे : अक्षरासाठी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण सर्वसामान्य संगणकांत तिचा वापर रुजायला पुढील दशकाचा बराच भाग जावा लागला. मधल्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापले टंक वापरीत. तो टंक आधी उतरवून घ्यावा लागे, किंवा पानाबरोबर आपोआप येईपर्यंत थांबावे लागे. तोवर पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. मजकूर आलेला आहे, पण लिपी यायची आहे, ही अवस्था इंग्रजी वाचकाने क्वचितच अनुभवली असेल.

फ्लॅशमध्ये ही अडचण अधिक तीव्र होती. जोडाक्षरे आणि मात्रा यांची योग्य मांडणी करणारी नवी मजकूर-यंत्रणा फ्लॅश प्लेअरमध्ये २००८ च्या दहाव्या आवृत्तीत आली. त्याआधी देवनागरी शब्द पडद्यावर नीट हलवायचा, तर जुन्या पद्धतीचा टंक वापरावा लागे किंवा प्रत्येक अक्षराचे चित्र करून टाकावे लागे. अक्षराचे चित्र झाले, की ते शोधता येत नाही, नकलून घेता येत नाही, आणि त्याचा भारही वाढतो. ‘श्रद्धा’ हा शब्द सात चिन्हांचा न राहता वक्रांची एक गाठ होतो. चारशे बाइटांच्या त्या तांबड्या रेषेखाली बसणे देवनागरीला रोमनपेक्षा कठीण होते. मराठीत फ्लॅश-कवितेची परंपरा का रुजली नाही, याची कारणे अनेक असतील. परंतु लिपीचा हा भार त्यांतील एक होता, असे आम्हांला वाटते. साधनाची घडण कोणत्या लिपीला गृहीत धरते, यावर कोणते साहित्य जन्माला येणार हे काही अंशी ठरते.

हा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही. आजही देवनागरीचा टंक पानाबरोबर पाठवायचा झाल्यास जोडाक्षरांच्या आकारांमुळे तो साध्या रोमन टंकापेक्षा बहुधा जड असतो. तो येईपर्यंत मजकूर अदृश्य ठेवायचा, की उपलब्ध टंकात आधी दाखवून मग बदलायचा, हा निर्णय पान रचणाऱ्याला घ्यावाच लागतो. मंद जोडणीवरच्या वाचकाचा विचार करणारा दुसरा पर्याय निवडतो.

पट्टीचे खरे-खोटे

प्रीलोडरची पट्टी खरे बोलते काय? ती बाइट मोजते, वेळ मोजत नाही. पन्नास टक्के म्हणजे अर्धा भार उतरला; अर्धा वेळ सरला असे नव्हे, कारण तारेचा वेग बदलत असतो. सर्व्हरने फाइलचा एकूण आकार आधी कळवला नाही, तर भागाकारच होत नाही आणि पट्टी निरर्थक ठरते. तरीही माणसाला ती हवी असते. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स यांनी आपल्या शोधनिबंधात दाखवले, की किती काम झाले हे सांगणारा दर्शक असावा अशी वापरणाऱ्यांची स्पष्ट पसंती असते.

ही पसंती लक्षात आल्यावर तिचा फायदा घेणेही आले. २००७ मध्ये क्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या गतींच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. एकूण वेळ सारखाच असताना शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटली. शेवटी रेंगाळणारी त्रासदायक वाटली. २०११ मध्ये बुएल आणि नॉर्टन यांनी दाखवून दिले, की संकेतस्थळ आपल्यासाठी काय काय धुंडाळत आहे हे दिसत राहिले, तर लोक अधिक थांबूनही अधिक समाधानी असतात. तेव्हापासून प्रतीक्षा कमी करणे आणि प्रतीक्षा कमी भासवणे हे दोन वेगळे उद्योग झाले. २०१३ नंतर रूढ झालेली ‘सांगाडा-पाने’ हे याचे आजचे रूप. मजकूर येण्याआधी मजकुराच्या आकाराचे राखाडी पट्टे दिसतात. किती उरले हे मात्र कोणी सांगत नाही. वाचकाला समजावले जाते, पण हिशेब दिला जात नाही. फ्लॅशचा ओबडधोबड आकडा निदान हिशेब देत होता.

उंबरठ्याचे जतन

एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोन आणि आयपॅडवर फ्लॅशला जागा का नाही, याची कारणे दिली. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतलेल्या अडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅशचा शेवट घोषित केला. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला गेला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने कृती दाखवणेच बंद केले. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने ‘रफल’ या अनुकरण-प्रणालीच्या साहाय्याने फ्लॅशकृतींचा संग्रह खुला केला होता. पुष्कळ वाचले, ही समाधानाची बाब आहे. पण जे वाचले ते आजच्या तारेवर उघडते. पहिल्या फ्रेममधील प्रश्नाला जवळजवळ तत्काळ होकारार्थी उत्तर मिळते आणि येरझार घालायला वेळच उरत नाही. कृती जतन झाली, तिचा काळ जतन झाला नाही.

जुन्या पोथीचे संपादन करताना आपण हाशिया, खाडाखोड, लेखनिकाची अखेरची विनंती, सर्व नोंदवतो. कारण वाचन कोणत्या परिस्थितीत होत होते, हे त्यावरून कळते. तोच न्याय या कृतींना लावायला हवा. त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. ब्राउझरमध्ये विकसकांसाठी जी साधने असतात, त्यांत जोडणीचा वेग मुद्दाम कमी करता येतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात आम्ही तो सेकंदाला ४.७ किलोबाइटवर आणला आणि तीच कविता पुन्हा लावली. प्रथम अनुकरण-प्रणालीच उतरू लागली. तिला जुना वेग मानवणारा नव्हता, म्हणून ती आधी उतरवून घेतली आणि मग वेग घटवला. या वेळी प्रीलोडर दिसला. एक बारीक रेषा डावीकडून उजवीकडे सरकू लागली. पहिली दहा सेकंदे वर्गात कुजबुज होती, एक-दोघांनी मोबाइल बाहेर काढले. अर्धे मिनिट उलटल्यावर कुजबुज थांबली. रेषा शेवटाशी आली तेव्हा सर्वजण पडद्याकडे पाहात होते. कविता तीच होती. मागच्या तासाला तिचे पहिले अक्षर उमटले तेव्हा निम्म्या वर्गाचे लक्षही नव्हते.

तास संपल्यावर त्या विद्यार्थिनीने आपल्या टिपणवहीत लिहिलेले वाक्य आम्हांला दाखवले : ‘कवितेच्या आधी १ मिनिट ४ सेकंद.’ संहितेच्या वर्णनात ही नोंद कोठे करायची, असे तिने विचारले. आम्ही तिला ती पहिल्या ओळीच्या वर करायला सांगितली.